मान डावीकडे वळते

दुर्वा मोंडकर तेविसाव्यांदा पाण्यावर पाठीवर आपटली, तेव्हा बगळ्यांनीसुद्धा दचकायचं सोडून दिलं होतं. पहिल्या दिवशी ते बिचारे समुद्रकिनारा सोडून पार कर्लीच्या खाडीपर्यंत उडून गेले होते. आता एका पायावर उभे राहून बघत होते, आणि बघण्यासारखं होतंच ते.

उभ्याने चालवायच्या जेट-स्कीला देवबागेत सगळे नुसतं ‘उभी’ म्हणतात. तिला बैठक नसते. पुढून वर आलेला एक दांडा असतो, त्याच्या मुठीत थ्रॉटल, आणि बाकी सगळं गुडघ्यांवर. नवखा माणूस पहिले चार दिवस नुसता पाण्यात पडतो, पाचव्या दिवशी उभा राहतो आणि आपण जग जिंकलं असं समजतो. बॅकफ्लिप ही त्याच्या कितीतरी पुढची गोष्ट. लाटेच्या पाठीवरून पूर्ण वेगात उसळायचं, दांडा छातीशी ओढायचा, हवेत उलटं व्हायचं आणि योग्य क्षणी अंग मोकळं सोडून शेपटीकडून पाण्यावर यायचं. उसळणं कोणालाही जमतं. उतरणं हीच खरी विद्या.

दुर्वा उसळत होती झकास. दोन महिन्यांपूर्वी जिला सरळ रेषेत उभी चालवता येत नव्हती, ती आता दहा-बारा फूट उंच जात होती. पण वर गेल्यावर, डोकं खाली आणि पाय आभाळाकडे असताना, तिची मान आपोआप डावीकडे वळायची. किनाऱ्यावर काहीतरी शोधायची, आणि थांबायची. त्या थांबण्यात उतरण्याचा क्षण निघून जायचा. बॅटरीवरच्या त्या यंत्राला आवाज नव्हता. त्यामुळे किनाऱ्यावर ऐकू यायचा तो फक्त तिच्या आपटण्याचा.

ती मान दुर्वाची नव्हती. तिच्या भावाची, गौरेशची होती, आणि गौरेश जाऊन सोळा महिने झाले होते.

हे कसं, ते समजायला डॉ. इरावती सबनीस यांचं संशोधन थोडं समजून घ्यावं लागेल. जिना उतरताना शेवटी अजून एक पायरी आहे असं वाटून आपण पाऊल टाकतो आणि खाली जमीनच लागते. अंगातून एक झटका जातो. पाय तर काही चुकला नाही, मग झटका कसला? तर आपल्या अनुमस्तिष्काने, म्हणजे डोक्याच्या मागच्या बाजूला असलेल्या लहान मेंदूने, पायरी येणार हा अंदाज आधीच बांधून ठेवलेला असतो. अंदाज खोटा ठरला की अंग दचकतं. सबनीसबाईंचं म्हणणं असं, की कसब म्हणजे हालचाल नव्हेच. कसब म्हणजे अशा हजारो अंदाजांची गोधडी. कुशल माणूस पुढच्या क्षणी काय होणार याची वाट बघत असतो, आणि हालचाल त्या वाट बघण्यातून आपसूक निघते.

त्यांनी ते वाट बघणं टिपणारं टोपरं बनवलं. उस्तादाने ते डोक्यावर घालून सराव करायचा. त्यातून तयार झालेला ‘ठसा’ मग शिकणाऱ्याच्या टोपऱ्यात आणि अंगभर तारा शिवलेल्या अंगरख्यात उतरवायचा. पाण्यावर असताना अंगरखा स्नायूंना बारीक चिमटे घेतो, आणि वीस-पंचवीस बैठकांत शिकणाऱ्याचा लहान मेंदू उस्तादासारखे अंदाज करू लागतो. दहा वर्षांची मेहनत दोन महिन्यांत. ऐकायला बरं वाटतं.

गौरेश हा त्यांचा पहिला उस्ताद. त्याच्या एकशे चाळीस बॅकफ्लिप टिपलेल्या होत्या, शेवटची धरून. शेवटच्या वेळी तो पाठीवर आला आणि यंत्र त्याच्यावर आलं.

ठशात गौरेश कितपत आहे, हे मात्र कोणालाच ठाऊक नव्हतं. सबनीसबाईंना फ्लिप हवी होती, पण गव्हाबरोबर खडे यायचेच. गौरेश डावखुरा होता. उभीवर चढण्याआधी डाव्या हाताने चुळकाभर पाणी घेऊन कपाळाला लावायचा. सरावाला आलेली आठही माणसं, कोणी नागपूरचं, कोणी संभाजीनगरचं, कोणी बेळगावचं, आता डाव्या हाताने पाणी कपाळाला लावत होती. कोणी शिकवलं म्हणून विचारलं तर एकमेकांकडे बघायची. पहिल्यांदा ते बघितलं त्या दिवशी दुर्वाला जेवण गेलं नव्हतं.

मंगळवारी सकाळी आठही जणांना, आणि बाजाराला गेलेल्या दुर्वालाही घेऊन मिनीबस मालवणहून देवबागेला निघाली होती. बस भरधाव गतिरोधकावरून गेली आणि सगळे क्षणभर सीटवरून उचलले गेले. त्याच क्षणी नऊ माना एकदम डावीकडे वळल्या. डावीकडे एक बंद मासळी कोल्ड स्टोरेज होतं. नऊ जण त्याच्याकडे डोळे ताणून बघत राहिले आणि मग एकदमच पुढे वळले.

ड्रायव्हरने आरशातून बघितलं आणि ब्रेक मारला. “काय दिसला रे तुमका?”

नागपूरचा पराग बारापात्रे, ज्याचं गळ्याखालचं हाड आठ दिवसांपूर्वी मोडलं होतं, तो पट्ट्यात अडकवलेला हात सांभाळत म्हणाला, “मला वाटलं मलाच होतं हे. मध्ये घरी जाऊन आलो, तर आमच्या सोसायटीची लिफ्ट वर निघाली ना, की होतं. पाय अधांतरी झाले की मान वळते. शेजारच्या काकू म्हणतात, पोरगा बिघडला, सारखा आमच्या दाराकडे बघतो.”

दोघं-तिघं हसले. हसू फार टिकलं नाही. ड्रायव्हरने पुढचे सगळे गतिरोधक बैलगाडीच्या वेगाने पार केले.

त्या दुपारी सबनीसबाईंनी दुर्वाला कॅम्पच्या तंबूत बोलावलं. पन्नाशीच्या, बारीक अंगकाठीच्या, सरळ बोलणाऱ्या बाई. समोर पडद्यावर नऊ जणांच्या पडण्याच्या नऊ रेषा होत्या. एकीवर एक ठेवल्यावर त्यांची एकच रेषा होत होती.

“सगळे एकाच ठिकाणी चुकतात,” बाई म्हणाल्या. “वर, उलटं असताना. शून्य पूर्णांक चार सेकंद वाट बघतात. कशाची, ते मला सापडत नाही. शनिवारपर्यंत एकानेही फ्लिप उतरवली नाही तर मी हा ठसा पुसणार आहे, दुर्वा. परागचं हाड मोडलं. पुढच्याची मान मोडली तर मी कोणाला तोंड दाखवू?”

“एकशे एकोणचाळीस वेळा उतरला तो.”

“हो, आणि सगळ्या इथेच. गोव्याच्या स्पर्धेत त्याने एकदाही फ्लिप मारली नाही, माहीत आहे ना तुला?”

दुर्वाला माहीत होतं. पोरं गौरेशला त्यावरून चिडवायची. तुझी फ्लिप माहेर सोडीत नाही रे, म्हणायची. तोही हसायचा, आणि गोव्यात दुसऱ्याच करामती करून चौथा-पाचवा यायचा. का, ते त्याला स्वतःलाही सांगता आलं नसतं.

“मी उतरवीन,” दुर्वा म्हणाली. गौरेशचे फोटो होते, कपडे होते, पण ती निर्जीव वस्तूंची रास होती. हा ठसा तेवढा जिवंत होता. तो पुसला की भाऊ दुसऱ्यांदा जाणार, आणि या वेळी तिच्या डोळ्यांदेखत. हे तिला सोसणार नव्हतं.

बुधवारी ती सहा वेळा पडली. गुरुवारी नऊ वेळा.

गुरुवारी संध्याकाळी उन्हं कलताना ती घरी परतली. मोंडकरांचं घर समुद्राच्या अंगाला, पडवीसमोर वाळूचं अंगण, आणि कडेला पर्यटकांसाठी बांधलेल्या दोन खोल्या. अंगणाच्या टोकाला माडाचा तोडलेला खुंट होता. त्यावर बसून तिचे वडील भिकाजी, वाडीतले जुने तांडेल, म्हणजे होडी हाकणारे, जाळं सांधत होते. सहासष्ट वर्षांचा माणूस. मुलगा गेल्यापासून त्यांनी होडी पाण्यात घातली नव्हती, आणि बोलणंही जेवणापुरतंच उरलं होतं. दुर्वाने तो खुंट काढून तिथे पाहुण्यांसाठी नळ बसवायचा म्हटलं होतं, तेव्हा ते एवढंच म्हणाले होते, “ऱ्हवांदे.” मग ती गोष्ट तिथेच राहिली.

पाहुण्यांच्या ओल्या चादरींची टोपली घेऊन दुर्वा पडवीतून निघाली. पायऱ्या उतरायचा कंटाळा आला म्हणून तिने कठड्यावरून खाली उडी मारली. हातभर उंचीची उडी, पण पाय अधांतरी झालेच. मान डावीकडे वळली. डोळे वर, खुंटामागच्या रवळनाथाच्या देवळाच्या दिशेने गेले, तिथल्या रिकाम्या आभाळावर थांबले, आणि मग परत आले.

वडिलांच्या हातातली जाळ्याची सुई वाळूत पडली.

“परत मार उडी,” ते म्हणाले.

“काय?”

“मार म्हणतंय ना.”

तिने टोपली ठेवली, वर गेली, पुन्हा उडी मारली. मान पुन्हा वळली. भिकाजी उठून उभे राहिले होते. त्यांचा चेहरा इतका पांढरा पडला होता, की दुर्वा धावत त्यांच्याजवळ गेली.

“ही मान तुझी नाय,” ते म्हणाले. “गौरेशाची. तू माडाक बघलंस.”

“खंयच्या माडाक?”

त्यांनी पायाखालच्या खुंटाकडे बोट केलं.

“खूण होती ती. रवळनाथाचा शिखर ह्या माडाच्या आड गेला, की होडी वाळूच्या भायर पडली म्हणून समजूचा. मग खाली खोल पाणी, वळवा कशीय. माझ्या बापाशीन माका सांगल्यान. मी गौरेशाक सांगलंय, तो सात वर्साचो असताना.”

दुर्वाला खुणा असतात हे ठाऊक होतं. किनाऱ्यावरच्या दोन वस्तू एका रेषेत आल्या की आपण पाण्यात नेमके कुठे आहोत ते तांडेल ओळखतात. कुठल्या वस्तू, ते प्रत्येक घराचं गुपित. गौरेशच्या बाबतीत काय झालं, ते तिला उभ्या उभ्या कळत गेलं. सात वर्षांचा असल्यापासून त्याचं अंग ती खूण बघत आलं. पुढे त्याच जागी तो किनाऱ्याला समांतर उड्या मारू लागला तेव्हा अंगाने तीच खूण धरली. हवेतून जाताना शिखर सरकत माडाच्या आड जायचं, आणि त्या क्षणी अंग मोकळं व्हायचं. आपण माडाकडे बघतो हे त्याच्या मनाला माहीत नसेल. लहान मेंदू मनाला विचारून काही करत नाही.

आणि माड तिने तोडून घेतला होता. नव्या खोल्यांच्या पत्र्यावर झुकला होता, पाहुण्यांच्या डोक्यात नारळ पडायचा म्हणून. गौरेश तेव्हा दहा दिवस गोव्याला, बाबा मालवणात दवाखान्यात. माडावर चढणाऱ्या पाडेल्याला बोलावून तिने मंगळवारी काम उरकलं होतं. कामाची पोर म्हणून वाडीत तिचं कौतुकही झालं. बुधवारी गौरेश आला तो धक्क्यावरूनच परस्पर पाण्यात गेला.

“माका कित्याक नाय सांगलात, बाबा?” तिने विचारलं. “माड तोडण्याआधी कधीतरी. खूण आसा म्हणान नुसता सांगायचा होता.”

“चेडवांका खुणा सांगनत नाय गो. चेडू दुसऱ्या घरात जाता, खुणा वांगडा घेऊन जाता. आमच्यात असाच.” ते पुन्हा खुंटावर बसले. “चुकी माझी.”

“तुमका कधी कळला?”

“तेका वर हाडल्यानी तेवाच. तेची मान डावीकडे वळलेली होती. लोक म्हणाले मोडलीहा. मी बघलंय ती खंय वळलीहा ता.”

“आणि सोळा महिने बोल्लात नाय?”

“बोलान काय करतलो होतंय? झील गेलो. बोललो असतंय तर चेडूय गेला असता.”

दुर्वा वाळूत बसली आणि रडली. भाऊ गेला तेव्हाही ती अशी रडली नव्हती, कारण तेव्हा घर सांभाळायचं होतं. आता सांभाळण्यासारखं काही उरलंच नव्हतं. आपण भावाला मारलं, आणि बापाने ते सोळा महिने या खुंटावर बसून झाकून ठेवलं. दोन्ही गोष्टींचं ओझं एकाच वेळी अंगावर आलं होतं. भिकाजींनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि तिचं रडणं ओसरेपर्यंत तो काढला नाही.

शुक्रवारी सकाळी ती पाण्यावर गेली तेव्हा समुद्र शांत होता. वाळूच्या बाहेर, खोल पाण्यात, लाट पाठ वर काढत होती. दुर्वाने आदल्या संध्याकाळी वडिलांकडे काहीच मदत मागितली नव्हती. मागायला तोंड नव्हतं तिला. नुसतं डोळे मिटून उडी मारायची आणि मानेला वळू द्यायचं नाही, एवढंच तिने ठरवलं होतं.

उभीवर चढण्याआधी तिच्या डाव्या हाताने पाणी घेतलं आणि कपाळाला लावलं. तिने थ्रॉटल दाबलं. किनारा डावीकडून सरकू लागला. लाट आली, तिने दांडा छातीशी ओढला आणि समुद्र डोक्यावर आला.

मान वळली. तिने अडवली, पण ती ऐकेना. डोळे आपसूक उघडले. उलट्या किनाऱ्यावर उलटं देऊळ लटकत होतं, त्याचं शिखर खाली, आभाळात बुडालेलं. शिखराच्या बाजूला रिकामं आभाळ असणार हे तिला ठाऊक होतं. तिथे काळी रेघ होती.

होडीची जुनी डोलकाठी होती ती, खुंटाला लागून उभी केलेली. वाळूत ती नीट ठरत नव्हती, म्हणून खुंटावर चढून कोणीतरी तिला दोन्ही हातांनी कवटाळून धरलं होतं. शिखर सरकलं. काठीच्या आणि त्या माणसाच्या आड गेलं.

अंग मोकळं झालं.

तिने काही केलं नाही. जे झालं ते झालं. शेपटी पाण्याला लागली, गुडघे दुमडले, अंगठ्याने थ्रॉटल दाबलं, आणि ती सरळ पुढे चालली होती. डोकं पाण्यात गेलंच नव्हतं. आणि मानेतून, खांद्यांतून, पाठीच्या कण्यातून एक निःश्वास उतरत गेला. तो तिचा नव्हता. सोळा महिने रोखून धरलेला श्वास सोडावा तसा तो कोणीतरी सोडला, तिच्या आत.

मग तिचा डावा हात दांड्यावरून सुटला आणि किनाऱ्याच्या दिशेने वर झाला. तिने उचलला नव्हता. ठशात फ्लिपनंतर हात करणं कुठेही नव्हतं, सबनीसबाईंनी नंतर शंभर वेळा तपासलं. किनाऱ्यावर भिकाजींनी एक हात काठीवरून काढून वर केला. तो कोणाला केला, हे दुर्वाने त्यांना कधी विचारलं नाही.

सबनीसबाई पडद्यासमोरून पळत बाहेर आल्या होत्या. दुर्वाने सगळं सांगितल्यावर त्यांच्यातला शास्त्रज्ञ जागा झाला.

“म्हणजे ठशात दोष नाही. त्याला फक्त खूण हवी. प्रत्येक केंद्रावर तसा खांब उभा करता येईल, मागे दुसरा. गौरेशचा ठसा जगात कुठेही चालेल, दुर्वा. तुला हेच हवं होतं ना?”

दुर्वाला तेच हवं होतं, कालपर्यंत. तिच्या डोळ्यांसमोर कुठकुठले किनारे आले. तिथे खांब पडतील, कोणी हलवतील, वादळ येईल, आणि अनोळखी माणसांच्या माना रिकाम्या आभाळाकडे बघत थांबतील. गौरेश प्रत्येक वेळी वाट बघेल. त्याला एकदा असं ताटकळत ठेवलं तेवढं पुरे होतं.

“पुसा,” ती म्हणाली.

“नीट विचार कर. परत मिळणार नाही.”

“त्याचं बघून झालंय, मॅडम. आता पुसा.”

बाईंनी एक गोष्ट मात्र केली. पुसण्याआधी, शनिवारी, त्यांनी आठही जणांना तंबूत बसवून तासभर दुर्वाच्या टोपऱ्याने टिपलेली ती एक फ्लिप त्यांच्या टोपऱ्यांत उतरवली. त्यांच्या अंगातली शोधाशोध तरी थांबावी म्हणून. संध्याकाळी ठसा पुसला गेला आणि कॅम्प उठला. तीन-चार आठवड्यांत दुर्वाची मान तिची स्वतःची झाली. पडवीवरून उडी मारली तरी ती समोरच बघे, आणि पहिल्यांदा तसं झालं तेव्हा ती तिथेच हमसून हमसून रडली.

एका सकाळी भिकाजींनी होडी पाण्यात घातली आणि तिला हाक मारली. “चल. तुका खुणा सांगतंय.”

“आमच्यात सांगनत नाय ना?”

“बस गो.”

अकरा खुणा उरल्या होत्या. त्यांनी एकेक करून सगळ्या सांगितल्या. बाराव्या जागी आल्यावर ते थांबले, किनाऱ्यावरच्या त्या खुंटाकडे बघितलं आणि होडी वळवली.

पावसाळ्यानंतर परागचं पत्र आलं. हाड जुळलं होतं, जेट-स्की विकून टाकली होती. पुढे त्याने लिहिलं होतं: ‘बाकीच्यांचं गेलं म्हणतात, माझं अजून गेलेलं नाही. लिफ्ट वर निघाली की मान डावीकडे वळतेच. पण आता ती काही शोधत नाही. वळते, थांबते, आणि कोणीतरी आपल्यासाठी तिथे उभं आहे असं वाटून एकदम बरं वाटतं. नागपुरात, चौदाव्या मजल्यावर. माझे वडील मी लहान असतानाच गेले, त्यामुळे मला असं वाटायची सवय नाही. एवढंच विचारायचं होतं, ताई. तिथे काय आहे?’

दुर्वाने पत्र बाजूला ठेवून खिडकीबाहेर बघितलं. सकाळचे आठ वाजले होते. समुद्रात कोणी नव्हतं, एकही होडी नाही, एकही उभी नाही. अंगणाच्या टोकाला डोलकाठी उभी होती आणि खुंटावर चढून तिला धरून तिचे वडील उभे होते, कॅम्प उठल्यापासून रोज सकाळी उभे राहत तसे.

तिने उत्तर लिहिलं: ‘तिथे आमचे बाबा आहेत.’